एकशे सव्वीस ग्रॅमची कॅसेट

"एकशे अठ्ठ्याहत्तर!" टेकडीवरच्या बाकावर बसल्या बसल्या साडूंनी जाहीर केलं, आणि ग्रॅमसाहेबांच्या घशात चहा अडकला.

एकशे अठ्ठ्याहत्तर म्हणजे साडूंचा रक्तदाब नव्हे. तसं असतं तर ग्रॅमसाहेबांनी हळहळ व्यक्त केली असती, आणि मनापासून केली असती. हे वजन होतं, साडूंच्या सायकलच्या नव्या कॅसेटचं. कॅसेट म्हणजे रोड बाइकच्या मागच्या चाकाला असतो तो दातेरी चकत्यांचा मनोरा. लहान चकतीवर साखळी टाकली की सपाटीवर वेग मिळतो, मोठीवर टाकली की चढावर पाय सुखात फिरतात. एवढं कळलं की पुढची गोष्ट कळते. ग्रॅमसाहेबांना एवढंच कळलं नाही, म्हणून तर गोष्ट झाली.

ग्रॅमसाहेब हे नाव त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं, बाजारातल्या दुकानदारांनी ठेवलं होतं. वजनमापं खात्यात ते निरीक्षक. एका ग्रॅमची तफावत दिसली की काट्याला सील. मग तो काटा सोनाराचा असो नाहीतर भंगारवाल्याचा. ते बाजारात शिरले की दुकानदार काटे पुसायला घ्यायचे. एकाने तर घाबरून त्याच फडक्याने स्वतःचं तोंडही पुसलं होतं. अशा माणसासमोर साडूंनी वजन सांगावं, आणि तेही स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलेलं!

"घरगुती काटा आहे तो," ग्रॅमसाहेब म्हणाले. "त्याला कायद्यात काही अर्थ नाही."

"नसेल हो," साडू पाय लांब करत म्हणाले. "पण चढाला अर्थ आहे ना!"

इथेच खरं दुखणं होतं. दर रविवारी हे दोघे साडू सायकलने टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत यायचे. दोघांच्या बायका, म्हणजे सख्ख्या बहिणी, स्कूटरवरून चहाचा फ्लास्क घेऊन आधीच बाकावर येऊन बसलेल्या असायच्या. साडूंचं गाद्यांचं दुकान. वयाने सहा वर्षं मोठे, आणि पोटाने विचारू नका. दोन वर्षं ग्रॅमसाहेब बिनधोक पहिले येत होते. पण गेले तीन रविवार साडू पहिले आले, आणि आज तर ग्रॅमसाहेब शेवटच्या वळणावर दिसायच्या आत त्यांचा अर्धा कप संपलाही होता.

तेही चाललं असतं. माणूस आहे, एखाद्या वेळी पुढे जातो. पण धापा टाकत ग्रॅमसाहेब बाकापाशी पोचले तेव्हा त्यांची बायको म्हणाली, "आज भाऊजी किती सहज आले हो! धाप नाही, काही नाही."

सहज! चौदा वर्षांच्या संसारात तिने ग्रॅमसाहेबांच्या एकाही कृतीला सहज म्हटलं नव्हतं. त्यांनी भिंतीत खिळा ठोकायला घेतला तरी ती आधी मलमाची डबी काढून ठेवायची. आणि हे गादीवाले मात्र सहज! ग्रॅमसाहेबांना जे काही झालं त्याला मत्सर म्हणतात. दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. स्वतः ग्रॅमसाहेबांनी मात्र शोधला. "तांत्रिक विषमता," असं ते घरी येताना सायकलवर स्वतःशी तीनदा म्हणाले.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्वतःची कॅसेट खात्याच्या अचूक काट्यावर तोलली. त्याआधी ती रॉकेलने धुऊन, दातांच्या ब्रशने घासून, कोरडी केली होती. काट्याने दाखवलं तीनशे बारा ग्रॅम, दोनशे मिलिग्रॅम. म्हणजे दर रविवारी ते साडूंपेक्षा एकशे चौतीस ग्रॅम जास्त ओढत होते. त्यांना एकदम फार बरं वाटलं. दोष पायांत नव्हता, नवरेपणात नव्हता, धातूत होता! सरकारी काट्यावर सिद्ध झालं होतं. ब्रश कोणाचा होता हे घरी संध्याकाळी निघालं, पण तो विषय वेगळा.

आता साडूंच्या कॅसेटपेक्षा हलकी कॅसेट मिळवायची, हा निश्चय झाला. दोन-चार ग्रॅमने नव्हे, चांगली सणसणीत हलकी. ग्रॅमसाहेब आधी मेकॅनिककडे गेले.

"हलकी कॅसेट हवी," ते म्हणाले.

"मिळेल की. दाते किती हवेत?" मेकॅनिकने विचारलं.

"मी वजन विचारतोय."

"तेच म्हणतो साहेब. आधी दाते ठरवा, मग त्यात हलकी कुठली ते बघू. तुम्ही टेकडी चढता, तेव्हा मोठी चकती—"

"तुमच्या त्या हवेच्या पंपावर दाब दाखवणारा काटा आहे ना," ग्रॅमसाहेब पंपाकडे बघत म्हणाले, "तो शेवटचा कधी तपासून घेतलात?"

मेकॅनिकने तोंड मिटलं ते मिटलंच. ग्रॅमसाहेबांचा हा फार जुना दोष. समोरचा माणूस उपयोगाचं काही सांगायला लागला की त्याच्या काट्याची चौकशी करायची.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहायचे. त्यांना सायकल येत नव्हती, त्यामुळे सल्ले मुबलक होते. जिन्यात गाठून ते म्हणाले, "कॅसेट कशाला बदलता? आहे तिलाच भोकं पाडा. पाण्याची बाटली अर्धीच भरा. घंटी काढून टाका आणि तोंडाने ओरडा."

"बघतो," ग्रॅमसाहेब म्हणाले.

"आणि मिशी," हेडमास्तर निरखून बघत म्हणाले. "वारा अडतो तिथे. वजन केलंय का तिचं?"

ग्रॅमसाहेब तोऱ्यात वर गेले. पण त्या संध्याकाळी ते आरशासमोर बराच वेळ उभे होते. मिशी हा त्यांच्या अधिकाराचा भाग होता. मिशीशिवाय सील ठोकलं तर दुकानदार मानेल का, हा प्रश्नच होता. शेवटी दोन्ही टोकं थोडी कातरली. किती वजन कमी झालं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण पुडी बांधून ऑफिसात नेली होती एवढं शिपायाने पाहिलं.

मग महिनाभर खपून तक्ता तयार झाला. मोठ्या कागदावर पट्टीने आखलेला. रकाने तीन: कोणी बनवली, कुठल्या धातूची, आणि वजन. एकवीस कॅसेटी, वजनाच्या उतरत्या क्रमाने. तळाला, लाल शाईने अधोरेखित केलेली, एकशे सव्वीस ग्रॅमची. बायको भाजी निवडता निवडता येऊन बघत उभी राहिली.

"यात दात्यांचा रकाना नाही?" तिने विचारलं.

"वजन हा मुख्य मुद्दा आहे."

"पण चकत्या लहान असल्या तर वजन कमी येणारच ना? आणि चढाला तर मोठी चकती लागते. भाऊजींनी बत्तीस दात्यांची घेतलीये म्हणे."

भाऊजींनी! तिला भाऊजींचे दाते पाठ! ग्रॅमसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"हे बघ," ते म्हणाले, "एकवीस वर्षं मी वजनात आहे. कुठली वस्तू हलकी हे मला कोणी शिकवायला नको."

"मी कुठे शिकवतेय? मी आपलं विचारलं," ती म्हणाली आणि भाजीकडे गेली. ग्रॅमसाहेबांनी त्याच क्षणी ऑर्डर दिली. मागवण्याच्या फॉर्ममध्ये 'दात्यांची संख्या' असा एक चौकोन होता, आणि त्यात आधीच 'सर्वात मोठी चकती: तेवीस' असं भरलेलं होतं. ग्रॅमसाहेबांनी ते वाचलं. वाचून पुढे गेले. चौकोन भरलेला असला की त्यांचं काम झालेलं असायचं.

कॅसेट परदेशातून यायची होती. तोपर्यंत तयारी असावी म्हणून त्यांनी मागचं चाक मेकॅनिककडे नेऊन दिलं. जुनी जड कॅसेट पुन्हा चढवायची नाही हे ठरलेलं होतं, त्यामुळे सायकल बाल्कनीत एका चाकावर लटकत राहिली. "आठवड्याचा प्रश्न आहे," ते म्हणाले. तो अकरा रविवारांचा प्रश्न झाला, आणि त्याला जबाबदार जो माणूस होता त्याच्यावर त्यांना रागावताही येईना.

झालं असं. खोकं वेळेवर आलं आणि पार्सल कचेरीत अडकलं. ग्रॅमसाहेब सोडवायला गेले.

"कागदावर लिहिलंय एकशे सव्वीस ग्रॅम, वस्तू धातूची," तिथल्या कारकून बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या खोक्यात? संशयास्पद आहे. पुन्हा तोलल्याशिवाय देता येत नाही."

"मग तोला की!"

"कशावर तोलू?" बाईंनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे काटा होता. काट्यावर तार होती. तारेवर शिशाचं सील होतं. आणि सीलावर जो शिक्का होता तो ग्रॅमसाहेब अंधारातही ओळखू शकले असते.

"चार ग्रॅमचा फरक आला म्हणून तुम्हीच ठोकलंत ना," बाई म्हणाल्या. "मी म्हणत होते, साहेब, चार ग्रॅमने काय होतं? तुम्ही म्हणालात, चार ग्रॅमने देश बुडतात."

म्हणाले होते खरे. त्या दिवशी ते वाक्य त्यांना फार आवडलंही होतं.

"काटा दुरुस्त झाला का?"

"कधीच. फेरतपासणीची वाट बघतोय. तुमच्याच सहीची."

ग्रॅमसाहेबांनी खिशातून पेन काढलं. आणि पेन हवेत थांबलं. कारण दोन वर्षांपूर्वी त्यांनीच एक परिपत्रक लिहून वरिष्ठांकडून मंजूर करून घेतलं होतं: ज्या काट्यावर निरीक्षकाची स्वतःची वस्तू तोलली जाणार असेल, तो काटा त्या निरीक्षकाने तपासू नये. अख्ख्या खात्यात हे परिपत्रक दोघांनीच वाचलं होतं. एक ग्रॅमसाहेब, आणि दुसऱ्या या बाई. भिंतीवर चिकटवलेलं होतं.

आता दुसरा कोणी असता तर डोळे झाकून सही ठोकून मोकळा झाला असता. ग्रॅमसाहेब झाले नाहीत. हट्टी म्हणा, खुळे म्हणा, पण माणूस अप्रामाणिक नव्हता. शेजारच्या जिल्ह्याचा निरीक्षक मागवायचा अर्ज त्यांनी जागेवर लिहिला. त्या निरीक्षकाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तो जिना चढू शकत नव्हता, काटा वरच्या मजल्यावर होता, आणि काटा खाली आणायचा तर सील हलतं. गुडघा बरा होईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता.

या अकरा रविवारांत ग्रॅमसाहेबांची जी अवस्था झाली ती विचारू नका. स्कूटरवर जागा दोघींचीच. त्यामुळे सकाळी दोघी बहिणी फ्लास्क घेऊन निघून जायच्या, आणि हे बाल्कनीत लटकत्या सायकलशेजारी बसून टेकडीकडे बघायचे. वर तिकडे साडू! बाकावर! दोन्ही बाजूंना एकेक बहीण! हे डोळ्यांसमोर आलं की त्यांना भूक लागायची. मग ते खायचे. खाल्ल्यावर पुन्हा डोळ्यांसमोर यायचं.

"काय म्हणत होते गादीवाले?" बायको परतली की ते पेपरमागून विचारायचे.

"काही नाही. नेहमीचंच."

"हसत होतीस जिन्यात. काय नेहमीचं?"

"अहो, हेडमास्तर भेटले जिन्यात. तुमची मिशी कमी झाली का, विचारत होते."

पण यावर विश्वास ठेवतो तो मत्सर कसला?

बाराव्या आठवड्यात गुडघा बरा झाला. काट्याचं सील निघालं. ग्रॅमसाहेबांच्या आग्रहावरून खोकं उघडून नुसती कॅसेट तोलली गेली: एकशे सव्वीस ग्रॅम. वर नाही, खाली नाही. त्यांनी बाईंकडून तसा दाखला लिहून घेतला, गोल शिक्क्यासकट. मेकॅनिकने कॅसेट हातात घेतली, उलटीसुलटी केली, सर्वात मोठ्या चकतीवर बोट फिरवलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"साहेब, ही तर—"

"कशी आहे वजनाला?"

मेकॅनिकने पंपाच्या काट्याकडे पाहिलं. "वजनाला झकास आहे," तो म्हणाला आणि मुकाट्याने बसवून दिली.

रविवार उजाडला. टेकडीच्या पायथ्याशी ग्रॅमसाहेबांनी सायकल थांबवली, खिशातून दाखला काढला आणि साडूंच्या हातात दिला.

साडूंनी वाचला. पुन्हा वाचला. "एकशे सव्वीस?" त्यांचा आवाज बारीक झाला. "म्हणजे माझ्यापेक्षा बावन्न ग्रॅमने..."

"घरगुती काटा नाही हा," ग्रॅमसाहेब म्हणाले.

साडूंचं तोंड उतरलं. ते उतरलेलं तोंड बघायला ग्रॅमसाहेब अकरा आठवडे जगले होते. इथूनच घरी परतले असते तर ते जन्मभर सुखी राहिले असते. पण ते सायकलवर बसले.

पहिल्या वळणापर्यंत ते पुढे होते. साडू पंधरा-वीस हात मागे, आणि मागून साडूंचा श्वास ऐकू येत होता. तो त्यांना फार गोड लागला. दुसऱ्या वळणावर चढ उभा झाला. ग्रॅमसाहेबांनी मोठ्या चकतीवर साखळी टाकायला बोट दाबलं. खट् झालं नाही. पुन्हा दाबलं. चकत्या संपल्या होत्या. साखळी शेवटच्या, सर्वात मोठ्या चकतीवरच होती, आणि ती सर्वात मोठी चकती होती जेमतेम बशीएवढी. जुन्या कॅसेटवर हिच्यानंतर आणखी तीन असायच्या.

तेव्हा त्यांना दाते आठवले. मेकॅनिकचे, फॉर्ममधले, आणि भाजी निवडता निवडता विचारलेले. सगळे एकदम आठवले.

तिसऱ्या वळणावर पाय फिरायचेच थांबले. त्यातून अकरा रविवारांत अंगावर चार किलो चढले होते, ते काही कुठल्या तक्त्यात नव्हते. ग्रॅमसाहेब कसेबसे खाली उतरले. शेजारून साडू आरामात पाय फिरवत वर आले.

"काय हो, साखळी पडली?"

"नाही. देखावा बघतोय."

समोर कापलेला डोंगर होता आणि त्यावर गटाराच्या पाइपाचं तोंड. साडूंनी त्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि ते पुढे गेले.

मग ग्रॅमसाहेब सायकल ढकलत निघाले. सायकलच्या बुटांना तळाशी धातूची पट्टी असते, ती रस्त्यावर टकटक वाजत होती. एक आजोबा काठी टेकत त्यांच्या पुढे निघून गेले. ग्रॅमसाहेबांना वाटलं, परत फिरावं. मग वाटलं, वर बाकावर ती बसलीये, आणि तिच्याशेजारी तो, धापा न टाकता. डोळ्यांत पाणी आलं. घामच असेल, असं त्यांनी ठरवलं.

तेवढ्यात वरून स्कूटर येताना दिसली. बायको एकटीच होती. तिने कडेला स्कूटर लावली आणि खाली उतरून आली.

"लागलं का कुठे?" तिने पहिल्यांदा हे विचारलं. मग तिने मागच्या चाकाकडे पाहिलं. वाकून मोठ्या चकतीवरून बोट फिरवलं. तिचे ओठ हलत होते, मोजत होती. तेवीसला थांबली, सरळ उभी राहिली, आणि बोलली काहीच नाही. एक अक्षर नाही. नुसता रुमाल काढून दिला.

हे ग्रॅमसाहेबांना फार लागलं. ती बोलली असती तर भांडता आलं असतं. ती हँडलच्या दुसऱ्या बाजूला हात लावून चालायला लागली.

"तू त्या दिवशी म्हणालीस," ग्रॅमसाहेब रस्त्याकडे बघत म्हणाले, "भाऊजी किती सहज आले."

"मी? कधी?"

"सोळा आठवडे झाले."

ती थांबली. त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या डोक्यात सगळं जुळलं असावं, ब्रश, तक्ता, मिशी, बाल्कनी. "अगं बाई!" ती म्हणाली. "त्याच्यासाठी हे?"

ग्रॅमसाहेब रुमालाने घाम पुसायला लागले.

"अहो, ते लवकर येतात आणि काय करतात माहितीये? बाकावर बसतात आणि गाद्यांबद्दल बोलतात. कापूस का फोम, फोम का स्प्रिंग. ताई डुलक्या काढते. मी आपली वळणाकडे बघत बसते, तुम्ही कधी दिसाल म्हणून. आणि हे अकरा रविवार तर वळणाकडे बघण्यातही अर्थ नव्हता."

"म्हणजे गाद्यांचा विषय थांबावा म्हणून वाट बघतेस."

"तेही आहेच," ती हसली. "आणि तुम्ही दिसलात की बरं वाटतं. धापा टाकत का होईना, येता ना. आता हे काट्यावर ठेवून दाखवू का?"

ग्रॅमसाहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. ते म्हणाले, "नको. तेवढं मी खरं धरतो."

उरलेला चढ दोघांनी सायकल मधे घेऊन पार केला. चांगली पंचवीस मिनिटं लागली. वाटेत तिने ब्रशचा विषय काढला, त्यांनी नवा आणायचं कबूल केलं. दोघं कशावर तरी एवढं हसली की शेवटच्या वळणावर त्यांना थांबावं लागलं.

बाकावर साडू स्प्रिंगपर्यंत पोचले होते. पण मेव्हणी आज डुलकी घेत नव्हती. ती वळणाकडे बघत होती.

"बघा जरा," ती नवऱ्याला म्हणाली. "अर्धा तास बरोबर चालत आली ती दोघं. हसत हसत. तुम्ही येता भुर्रकन, आणि गादी उलगडून बसता. आपण कधी चाललोय असे?"

साडूंनी ग्रॅमसाहेबांकडे पाहिलं, मग त्यांच्या बायकोकडे, मग सायकलवर असलेल्या दोन हातांकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते ग्रॅमसाहेबांनी लगेच ओळखलं. सोळा आठवडे त्यांनी ते रोज आरशात पाहिलं होतं.

दोघी बहिणी चहा ओतायला वळल्या, तेव्हा साडू बाकावरून हळूच सरकत त्यांच्याजवळ आले.

"काय हो," ते कुजबुजले, "ही कॅसेट तुम्ही मागवलीत कुठून?"

ग्रॅमसाहेबांनी कातरलेल्या मिशीवरून हात फिरवला. "पत्ता देतो," ते म्हणाले.

"आणि दाते किती आहेत हिला?"

"दात्यांचं काय घेऊन बसलात साडूभाऊ," ग्रॅमसाहेब म्हणाले, "तुम्ही वजन बघा!"